ताण, सल आणि बहार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

घरातल्या बारीकसारीक कटकटींवर पंधरा मिनिटं बोलाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात पाइपाचं टोक. मी म्हटलं, ‘बोलेन, पण आत्ता नाही. आत्ता नळाला पाणी आलंय.’ पलीकडून ‘बरं बरं, भरा’ म्हणत लगेच फोन ठेवला गेला. त्यावरून मी ओळखलं, गृहस्थ आमच्या मराठवाड्यातलेच असणार.

मी राहते जालन्यात. आमच्या गल्लीत वार दोनच. एक नळाचा आणि दुसरा बिननळाचा. सोमवार-मंगळवार हे सरकारी कामाला ठीक आहेत. पण गोधड्या कधी धुवायच्या, केसांवरून आंघोळ कोणी कधी करायची, पाहुण्यांना ‘राहा की दोन दिवस’ असं मनापासून कधी म्हणायचं, हे सगळं नळावर ठरतं. एकदा आमच्या लेकीला बघायला येणाऱ्या मंडळींचा निरोप आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला होता, ‘किती जण येणार?’ आणि दुसरा, ‘गुरुवारी आले तर नाही का चालणार?’ शुक्रवारी नळ होता.

नळ येतो बहुतेक रात्री. येण्याआधी तो फुसकारतो. पाइपातली हवा बाहेर पडते तो आवाज. तो आवाज आमच्या ह्यांना झोपेतही ऐकू येतो. एरवी मी शेजारी बसून तीनदा हाक मारली तरी ऐकू येत नाही. मग हे उठतात, मोटार सुरू करतात, गच्चीवरच्या टाकीचा कॉक फिरवतात आणि खुर्चीवर बसून ‘लक्ष ठेवतात’. म्हणजे दहाव्या मिनिटाला घोरतात. टाकी भरते, वाहते, पाणी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडायला लागतं आणि शेजारच्या वहिनी खिडकीतून ओरडतात, ‘अहो, टाकी!’ गेली वीस वर्षं आमच्या दोन घरांतला हा सगळ्यात नियमित संवाद आहे.

लेक पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिने टाकी भरली की वाजणारी एक घंटी बसवून दिली. ती वाजते छान. फक्त वीज गेली की वाजत नाही, आणि वाजली की हे तिलाच बंद करून पुन्हा झोपतात.

घरात असं, तर बागेत काय विचारता! बाग म्हणजे घरापुढची पंधरा-वीस फुटांची जागा. त्यात तुळस, जास्वंद, कढीपत्ता, चार कुंड्या आणि एक मोसंबीचं झाड. आमच्या गावाचं बी देशभर उगवतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी याच गावात सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात राहून माझ्या कुंडीत कोथिंबीर उगवत नाही. दोष बियाण्याचा नाही. मी स्वयंपाकघरातल्या डब्यातले धने चपलेने रगडून पेरते. त्यातले निम्मे चिमण्या खातात आणि उरलेल्यांवर आमचे हे टाकीची देखरेख करताना पाय देतात.

जास्वंदीची गोष्ट वेगळी. ती फुलते भरपूर, पण फुलं आम्हाला दिसत नाहीत. पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींकडे एक पिशवी आणि एक आकडी असते. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, असा त्यांचा पक्का समज आहे. मी एकदा दबा धरून बसले आणि एका सभ्य गृहस्थांना रंगेहाथ पकडलं. ते न दचकता म्हणाले, ‘नमस्कार मॅडम, तुमच्या जास्वंदीला खत कोणतं घालता?’ माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, ओट्यावरून म्हणाल्या, ‘जाऊ दे गं. देवालाच चालली ना? आपल्या देवाला सांग, तिकडं जाऊन घे म्हणावं.’

श्रोतेहो, या झाल्या हसून सोडून द्यायच्या कटकटी. पण आज मला बोलायचं आहे ते त्या मोसंबीच्या झाडाबद्दल. त्या झाडाने मला घरातल्या कटकटींसाठी तीन शब्द दिले. ताण, सल आणि बहार. तिन्ही शब्द बागायतदाराचे आहेत आणि तिन्ही घराला लागू पडतात.

आमचं घर बांधून झालं २००१ साली. माझा धाकटा भाऊ, आमचा बापू, अंबड तालुक्यात शेती करतो. त्याने त्याच वर्षी दोन एकरांत मोसंबी लावली. रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली कलमं होती ती. दोनशेच्या वर झाडं. टेम्पोत एक कलम जास्तीचं उरलं, ते त्याने वास्तुशांतीला आणून आत्याबाईंच्या हातात दिलं. आत्याबाईंनी खड्डा खणून घेतला, शेणखत घातलं आणि झाड लावलं. म्हणजे आमच्या दारातलं झाड आणि बापूच्या रानातली दोनशे झाडं एकाच टेम्पोतली.

जालना जिल्ह्यात मोसंबी फार. ‘जालना मोसंबी’ म्हणून तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. या झाडाचा एक स्वभाव आहे. त्याला बारमाही पाणी देत राहिलात तर ते नुसतं वाढतं, पालवी काढतं. बहार एकदम धरत नाही. म्हणून बागायतदार त्याला ताण देतात. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघवत नाही. मग जानेवारीत खत देऊन पहिलं हलकं पाणी सोडायचं. त्याला आंबवणी म्हणतात. त्यानंतर काही दिवसांनी झाड असं फुलतं की सगळी गल्ली वासाने भरून जाते.

दर डिसेंबरात बापूचा फोन यायचा, ‘आक्का, झाडाचं पाणी तोडलं का?’ आणि जानेवारीत, ‘आक्का, ताण तोडला का? उशीर करू नको. ताण देणं कुणालाबी जमतं, तोडायचा कधी ते कळाया पाहिजे.’

मी शाळेत शिकवत होते. हे वाक्य मी पालकसभेत कितीदा तरी वापरलं. थोडा ताण हवाच. मुलांना हवा, नवऱ्याला तर हवाच हवा. ओरडल्याशिवाय आमच्याकडे मोटार बंद होत नाही. पण मर्यादेबाहेर ताण गेला तर बहार येत नाही, फांद्या वाळतात. हे मी लोकांना शिकवत होते. मला स्वतःला ते कळलं २०१३ साली.

२०१२ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. १९७२ नंतर असा दुष्काळ पाहिला नाही, असं जुनी माणसं म्हणायला लागली. जालना शहराला पाणी देणारा निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव आटला आणि त्याचा तळ दिसू लागला. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो रानात नेऊन टाकला, पैठणहून जायकवाडीचं पाणीही जलवाहिनीने शहरात आलं. पण त्या उन्हाळ्यात नळ ही गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो. टँकर येईल तेव्हा प्लास्टिकचा निळा ड्रम भरून घ्यायचा आणि तो पुढच्या टँकरपर्यंत पुरवायचा.

घरात आम्ही चौघं. हे, मी, बारावीची परीक्षा दिलेली लेक आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई. मी नियम केले. माणशी आंघोळीला एक बादली. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी फरशी पुसायला. फरशीचं पाणी संडासात. भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग दोन पाण्यांतून काढायची. आणि शेवटचा नियम, झाडांना पाणी नाही. माणसं आधी.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्या मूळच्या घनसावंगीकडच्या. १९७२ मध्ये त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्या एवढंच म्हणाल्या, ‘बहात्तरला हिरीत पाणी व्हतं, पोटाला भाकर नव्हती. आता कणगीत गहू हाय अन् पाणी न्हाई.’

मी शिक्षिका, त्यामुळे मोजमाप केल्याशिवाय माझं मन भरत नाही. रात्री झोपण्यापूर्वी मी ड्रमवर खडूने पाण्याच्या पातळीची रेघ मारायची. एप्रिलमध्ये असं लक्षात यायला लागलं, की सकाळी पाणी रेघेच्या खाली असतं. थोडंथोडकं नव्हे, बादलीभर. आणि मोसंबीच्या आळ्यातली माती बोटाला ओलसर लागते.

मी आधी ह्यांना धरलं. हे शपथा घ्यायला लागले. लेकीला विचारलं, ती रडली. मग उरल्या आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी. त्या अगदी सकाळी यायच्या. फाटक उघडून त्या येत, तेव्हा आम्ही नुकतेच उठलेलो असायचो. मी त्यांना विचारलं, ‘मावशी, झाडाला पाणी घालता का?’ त्या नाही म्हणाल्या. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी पुढे म्हटलं, ‘मग घरी नेता का?’

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘मॅडम, माझी लेकरंबी तहानलेली हायेत. पर तुमच्या घरचा तांब्याभर कधी न्हेला न्हाई.’ पदराला हात पुसले आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आणि त्या नसतानाही ड्रममधलं पाणी रेघेच्या खाली होतं.

चौथ्या रात्री मी जागी राहिले. पहाटे चारच्या सुमारास मागच्या दाराची कडी वाजली. मी खिडकीतून पाहिलं. मोसंबीच्या फांद्यांवर जुनं लुगडं आडवं टाकलेलं. त्यामागे, झाडाच्या सावलीचा घेर जिथे संपतो तिथे एक धोंडा ठेवलेला. त्या धोंड्यावर आत्याबाई बसल्या होत्या, शेजारी बादली. तांब्याने अंगावर पाणी घेत होत्या. हळूहळू, आवाज होऊ न देता. साबण नाही. वाटीत हरभऱ्याचं पीठ.

मी बाहेर गेले. एवढ्या पहाटे, उघड्यावर, पाय घसरला असता तर, थंडी भरली असती तर, काय काय बोलले देव जाणे. त्यांनी अंग पुसलं, लुगडं गुंडाळलं आणि म्हणाल्या, ‘तुझा नेम कुठं मोडला म्या? झाडाला पाणी घातलंच न्हाई. माझी बादली माझ्या अंगावर घेतली. ती खाली गेली, त्याला मी काय करू?’

मला उत्तर सुचेना. त्यांची बादली त्यांच्या हक्काची होती. त्या फक्त ती पहाटे चारला घेत होत्या, मी उठायच्या आधी. न्हाणीघर कोरडं दिसायचं, तेव्हा मला वाटायचं, वयामुळे त्या एक दिवसाआड आंघोळ करत असतील. विचारायचं सुचलं नाही. ड्रमवर रेघ मारायचं सुचलं, सासूला ‘आंघोळ झाली का’ विचारायचं सुचलं नाही.

आणि त्या धोंड्याची जागाही बघा. खोडापासून लांब, फांद्यांच्या टोकाखाली. खोडाला पाणी लागलं की डिंक्या होतो, पाणी पिणारी बारीक मुळं लांब असतात, हे बापूने त्यांना झाड लावतानाच सांगितलं होतं. साबणाच्या खाराने मोसंबी जळते हेही. मी भूगोल शिकवत होते आणि त्या निरक्षर होत्या. पण झाडाचा पाठ त्यांनी माझ्यापेक्षा नीट ऐकला होता.

त्याच दिवशी लेक मावशींच्या घरी गेली आणि त्यांना घेऊन आली. मी स्वयंपाकघरात होते. आत्याबाईंनी मावशींचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, ‘पाणी म्या घेतलं व्हतं बाई. तुझं नाव उगंच झालं.’ मी आत पातेली वाजवत राहिले. मग चहा घेऊन बाहेर आले. चहात साखर जास्त घातली होती. मावशींनी चहा घेतला, बशी विसळली, एकाच पाण्यात, आणि कामाला लागल्या.

मे महिन्यात बापू आला. न कळवता आला. मी दार उघडलं आणि आल्या आल्या माझी कर्मकहाणी सुरू केली. टँकर कसा येत नाही, ड्रम कसा पुरत नाही, मान कशी धरते. तो ऐकत होता. चपला न काढता अंगणातच उभा होता. मग झाडापाशी जाऊन उकिडवा बसला, माती चिमटीत घेतली आणि विचारलं, ‘याला पाणी कुणी घातलं?’

आत्याबाई म्हणाल्या, ‘आंघोळीचं हाय रे.’

बापू हसला. म्हणाला, ‘आत्याबाई, माझ्या दोनशे झाडांना आंघोळीचं कुठून आणू?’

तेव्हा कळलं. त्याने बाग तोडली होती. फेब्रुवारीपासून टँकर विकत घेऊन घालत होता. एप्रिलमध्ये पैसे संपले. झाडं उभ्या उभ्या वाळली. आदल्या आठवड्यात कुऱ्हाड लावली. बारा वर्षांची झाडं, ऐन उत्पन्नातली. लाकूड जळणाला गेलं. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात किती घरांपुढे मोसंबीच्या लाकडांचे ढीग पडलेले होते, ते पाहिलेली माणसं आज हा कार्यक्रम ऐकत असतील. त्यांना मी वेगळं काय सांगू!

मला माझ्या ड्रमची लाज वाटली. पण खरं सांगते, लाज वाटून माझी चिडचिड कमी झाली नाही. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे हे कळलं म्हणून आपल्या मानेचं दुखणं थांबत नाही. फक्त बोलण्याआधी दोन क्षण थांबावं, समोरच्याच्या चपला अजून पायात का आहेत ते बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकले. बापू त्या दिवशी जेवला नाही. पाणीसुद्धा अर्धाच तांब्या प्यायला आणि उरलेलं, माझ्याकडे बघून, झाडाच्या आळ्यात ओतलं. मी काही म्हटलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला, चांगला आला. आमच्या झाडाची निम्मी पानं गळलेली होती, बारीक फळं कधीच झडली होती. पण इतका ताण बसलेलं झाड पावसाच्या पाण्याने फुटतं, तो मृग बहार. जुलैत आमचं झाड पांढरं झालं. आत्याबाईंनी बापूला फोन लावायला सांगितला. मी म्हटलं, ‘नको, त्याला वाईट वाटेल.’ त्या म्हणाल्या, ‘वाटू दे. पर सांग.’ मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आक्का, फुलं बघून भुलू नको. आधी सल काढ.’

तर सल म्हणजे काय? मोसंबीच्या झाडावर ज्या बारीक फांद्या वाळून जातात त्यांना बागायतदार सल म्हणतात. वरून झाड हिरवंगार दिसतं, फुलतंसुद्धा. आत सल तशीच असते. ती काढली नाही तर तिथून रोग शिरतो आणि चांगल्या फांदीतही वाळ उतरते. म्हणून ती ओल्या भागापर्यंत कापायची आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण. मी आणि लेकीने दोन दिवस बसून सल काढली. हातभर ढीग निघाला.

आपण मनातल्या बोचऱ्या गोष्टीलाही सलच म्हणतो. आपल्या भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवलेत. वाळलेली, बाहेरून न दिसणारी, आतून टोचणारी ती सल.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. बापूने लगेच बाग लावली नाही. पुढची दोन वर्षंही आमच्याकडे कोरडीच गेली. मधे तो जालना तालुक्यातल्या कडवंचीला जाऊन आला. या गावाने डोंगरउतारापासून पाणलोटाची कामं केली, शेततळी केली आणि द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. तिथून आल्यावर बापूने आधी शेततळं केलं. २०१७ मध्ये एकाच एकरात मोसंबी लावली, ठिबकवर. त्याने आमच्याच झाडाचे डोळे भरून नवी कलमं केली, असं मला सांगायला आवडलं असतं. गोष्टीत ते शोभलंही असतं. पण तसं झालं नाही. त्याने नोंदणीकृत रोपवाटिकेतून पावती घेऊन कलमं आणली, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आत्याबाई २०१६ च्या हिवाळ्यात गेल्या. झाड अजून आहे. मोसंबीच्या मानाने म्हातारं झालं. फळं कमी देतं, ती जाड सालीची असतात. धोंडाही तिथेच आहे. आमचे हे टाकीवर ‘लक्ष ठेवायला’ हल्ली त्यावरच बसतात आणि तिथेही घोरतात. मी ओरडते. ओरडण्यावाचून आमच्या घरात काही चालत नाही. मात्र ओरडून झालं की चहा ठेवते. त्याला मी आंबवणी म्हणते.

आता एक काम राहिलंय. मावशी त्या प्रसंगानंतर आमच्याकडे आणखी चार वर्षं होत्या. दिवाळीला मी त्यांना साडी दिली, मुलाच्या शाळेची फी भरली, आजारपणात डॉक्टरकडे नेलं. सगळं केलं. पण ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मात्र म्हटले नाहीत. आत्याबाई बोलल्या होत्या, म्हणून माझं बोलणं झालं असं मी धरून चालले. पण संशय मी घेतला होता, आत्याबाईंनी नव्हे. त्यांनी आपली बादली कबूल केली. माझा प्रश्न माझ्याच खात्यावर राहिला. वरून सगळं हिरवं होतं, मावशी हसून बोलायच्या. पण त्या चार वर्षांत एक गोष्ट मी पाहिली. आमच्याकडचं काम उरकून निघताना त्या पिशवी उघडून फाटकाशी क्षणभर उभ्या राहायच्या. मी बघावी म्हणून. मी कधी पाहिली नाही, ‘अहो, हे काय’ म्हणायचे. पण त्या उघडायच्याच.

ती सल आहे. मी लेकीबरोबर झाडावरची काढली, ही तशीच राहिली.

मावशी आता परतूरकडे लेकीजवळ असतात, असं ऐकते. आमच्याकडे भांडी घासताना त्यांना रेडिओ लागायचा. ‘मॅडम, जरा मोठा करा’ म्हणायच्या. म्हणून मी ठरवलं, की कटकटींवर बोलायचंच आहे तर हे रेडिओवरच बोलावं.

मावशी, ऐकत असाल तर, त्या दिवशी माझं चुकलं. पाण्याचा ताण होता, पण तो तुमच्यावर काढायचा नव्हता. मी विचारलं तो प्रश्न विचारायचा नव्हता, आणि माफी मागायला एवढी वर्षं लावायची नव्हती.

झाडाला यंदा थोडी फळं आहेत. एकदा घरी या. नळाचा दिवस असला तरी या.